राईतलं सरपण

बावीस वर्षांचा होईपर्यंत मी जंगल पाहिलं नव्हतं, आणि पाहायला हवं असंही मला कधी वाटलं नव्हतं. आमचं घर निमगाव सावाच्या शिवारात. बांधावर बाभळी, ओढ्याला दोन-चार करंज, विहिरीवर एक आंबा, आणि त्यापुढे नजर जाईल तिथवर उघडं रान. आमच्याकडे चुलीत जळायचं ते शेणाच्या गोवऱ्या आणि तुरीच्या काटक्या. वाटेत वाळलेलं लाकूड दिसलं आणि आमच्याकडच्या बाईने ते उचललं नाही, असं मी पाहिलेलं नाही. डोक्यावर पाण्याची घागर असली तरी ती पायाच्या बोटांनी काटकी धरून वर घेईल. ही आमच्या मुलखाची सवय आहे, आणि त्या सवयीपायीच पुढचं सगळं घडलं. निदान बरीच वर्षं मी तसं सांगत होतो. खरं कारण मी होतो.

विसाव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं. मोठ्या दुष्काळाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. त्या दुष्काळात आमच्या दावणीची चार जनावरं गेली आणि त्याच साली वडीलही गेले. उरलं एक वासरू. त्याची आई त्याला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी मेली. माझ्या आईने त्याला पेज पाजून, बोटं चोखायला देऊन जगवलं. मोठं झाल्यावर त्याला जोड म्हणून कळंबच्या मामाने एक खोंड दिलं. तांबड्या रंगाचा तो आईचा आणि पांढरा तो मामाचा. ही जोडी म्हणजे आमची शेती. ती गेली तर नांगर भिंतीला टेकवून दुसऱ्याच्या बांधावर कामाला जायचं, एवढं साधं गणित होतं.

त्या साली पाऊस पुन्हा मधेच गेला. फाल्गुन संपायच्या आत कडबा संपला. तांबड्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. बाजारात नेली तर जनावरं कोण आणि कशासाठी घेतो, हे कुणी सांगायला नको होतं. आईने तो विषयच घरात काढू दिला नाही.

अशा साली आमच्याकडची माणसं बैल घेऊन पश्चिमेला डोंगरात जात. तिथल्या वाडीवर एखाद्या घरी बैल पावसापर्यंत ठेवायचे, आणि सुगीला त्या घरी बाजरी पोचवायची. पण त्यासाठी ओळख लागते. आमची ओळख होती ती जुन्नरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याशी. तो हिरडा घ्यायचा. हिरडा म्हणजे कातडी कमवायला आणि औषधाला लागणारं डोंगरातलं फळ. डोंगरची माणसं ते वेचतात आणि जुन्नरला आणून घालतात. वडील हयात असताना आमच्या गाडीने त्याची पोती पुण्याकडे जायची. त्याचा शब्द डोंगरात चालतो, हे आम्हाला माहीत होतं.

मी एकटा जाणार होतो. आई म्हणाली, "माझा बैल कुनाच्या दावनीला बांधतोस ते मला बगायचं हाये." मी म्हणालो, तुझ्याच्याने एवढं चालवणार नाही. ती म्हणाली, "तू साळंत बसून खाल्लंस, मी चालून खाल्लंय." मी मराठी सहावी पास होतो. अख्ख्या भावकीत आलेलं पत्र वाचणारा मी एकटा. त्यामुळे माझ्या बोलण्यात जरा तोरा असायचा, आणि आई तो अधूनमधून असा उतरवायची.

पहिल्या दिवशी आम्ही राजुरीच्या पुढे मुक्काम केला. बैल अशक्त, म्हणून चाल बैलांची. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जुन्नर गाठलं. आई बैलांना घेऊन हौदावर गेली आणि मी व्यापाऱ्याच्या पेढीत शिरलो. बाळहिरड्याचा, म्हणजे कोवळ्या हिरड्याचा, हंगाम होता. पोत्यांच्या थप्प्या आणि तुरट वास. त्याने वडिलांची आठवण काढली, मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि वाडीचा रस्ता सांगितला. मीना नदीच्या कडेकडेने वर जायचं, खिंडीच्या अलीकडे, जिथून पुढे आंबेगावची हद्द लागते, तिथे पंधरा घरांची वाडी आहे.

"तिथं पाटील-बिटील कोनी न्हाई पावणं," तो म्हणाला. "एक म्हातारा हाये, द्येवाचं तोच करतो, त्याला माजं नाव सांगा. आन दुसरी गोष्ट ध्यानात धरा. वाडीच्या आंगाला द्येवाची राई हाये. तिच्यातली काटकी उचलू नका. वाळलेली, पडलेली, कसली बी न्हाई. मी ज्याला धाडतो त्याला ह्ये सांगूनच धाडतो."

मी मान हलवली. मनात म्हणालो, या लोकांना काय कळतं. शाळेत आम्हाला मास्तरांनी सरकारी जंगलाचे नियम सांगितले होते. राखीव रानाला पाटी असते, शिपाई असतो, पावती असते. बाकी सगळ्या गावगप्पा. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हनला शेट?"

"म्हाताऱ्याला भेटा म्हणाला."

"आन?"

"आणि काही नाही."

खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. सांगण्याजोगं काही आहे असं मला वाटलंच नाही. पण म्हणून ते कमी खोटं होत नाही, हे आता कळतं.

तिसऱ्या दिवशी वाट चढायला लागली. जुन्नरच्या पश्चिमेचा मुलूख मी पहिल्यांदाच पाहत होतो. उतारावर भाताची खाचरं, सगळी कोरडी, आणि त्यांत मधे मधे काळे चौकोन. डोंगरची माणसं उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी जमीन भाजून घेतात. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्या पसरून पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी वाटेतलं झाडन् झाड छाटलेलं. नुसते खांब उभे केल्यासारखी झाडं. आई म्हणाली, "जंगल जंगल म्हनतात त्ये ह्येच व्हय? ह्यापरीस आपली बाभळ बरी." मलाही तसंच वाटलं. एवढ्यासाठी लोक काय डोंगराचं कौतुक करतात, असं म्हणून मी पांढऱ्याची वेसण ओढली. रात्र एका ओढ्याकाठी काढून चौथ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीवर पोचलो.

वाडीत माणूस नव्हतं. बाळहिरडा वेचायला सगळे डोंगरात गेलेले. एक आजारी म्हातारी अंगणात पडली होती. तिने हातानेच खूण केली, थांबा, येतील. वाडीच्या अंगाला एका घळीत दाट हिरवं काही दिसत होतं. सावली म्हणून आम्ही बैल घेऊन तिकडे गेलो. कडेच्या एका जांभळीला बैल बांधले. आई खाली बसली आणि मी आत शिरलो.

चार पावलांत ऊन संपलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. भुताखेताची नाही, आपण फार लहान आहोत अशी. एवढी उंच झाडं असतात हे मला ठाऊक नव्हतं. आंबा मला ओळखता येत होता, पण तिथल्या आंब्याचं पहिलं पान शोधायला मान मागे टाकावी लागली. हिरडा, बेहडा, उंबर, अंजनी, आणि त्यांच्यावरून मांडीएवढा जाड गारंबीचा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला. पायाखाली पाला इतका की पाऊल रुतायचं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मधोमध एका दगडाला शेंदूर फासलेला. वर काहीतरी धपकन या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. तांबूस, झुपकेदार शेपटीचं. ते शेकरू होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. बाहेरची छाटलेली झाडं आठवली आणि मला नवल वाटलं. राबासाठी डहाळी डहाळी तोडणारी ही माणसं इथल्या एकाही झाडाला शिवली नव्हती. व्यापाऱ्याचं बोलणं तेव्हा मला आठवलं. चांगलं आठवलं.

मागून आई आली. तिने झाडं पाहिलीच नाहीत. तिने खाली पाहिलं. मनगटाएवढ्या वाळक्या फांद्या, ढलप्या, मोडलेली खोडं, आणि त्यांतली कितीतरी भुसभुशीत होऊन गेलेली.

"आरं द्येवा," ती म्हणाली, "ह्ये समदं कुजून चाललंय की! ह्यांच्या बायका काय करत्यात?" घरी कुणी तुपाचं भांडं उपडं केलं असतं तर तिला जेवढं वाईट वाटलं असतं तेवढं वाईट तिला वाटलं होतं. ती वाकली, आणि मग अर्ध्यातून उभी राहिली. "घ्यायला कुनाची हरकत न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, "कुणाची असणार? इथे ना पाटी, ना शिपाई."

बस, एवढंच. तिने विचारलं होतं, आणि मी तिला हे उत्तर दिलं.

तिने राईच्या बाहेर येऊन तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि बाजरीच्या भाकरी टाकल्या. लाकूड असं धडधडून पेटलं की ती खूष झाली. म्हणाली, गोवरीला असा जाळ कुठला. भाकरी भाजता भाजता तिने उरलेल्या लाकडांची मोळीही बांधली. निमगावपर्यंत न्यायची! मी म्हणालो, चार दिवसांची वाट आहे. ती म्हणाली, "मग काय झालं, डोकं तर मोकळंच हाये."

भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आत डोंगरावरून माणसं उतरली. पुढे पाठीवर हिरड्याच्या पाट्या घेतलेल्या चार-पाच बाया, मागे तो म्हातारा. धूर पाहून ती घाईने आली होती. एका बाईने मोळी पाहिली आणि पाटी तिथेच खाली ठेवली. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कुणाला हार जाणारा नव्हतो.

म्हाताऱ्याने विचारलं, "पावणं, कुटनं आलात?"

मी गाव सांगितलं, व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, बैलांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि चुलीकडे पाहत होता.

"त्या शेटनं धाडलं तुमाला?"

"हो."

"मंग राईचं सांगितलं न्हाई त्यानं?"

आई माझ्याकडे पाहत होती. बैल जांभळीखाली उभे होते. खरं सांगितलं तर म्हातारा आपल्याला इथूनच परत लावील, आणि परतीच्या वाटेवर तांबडा बसेल तो उठायचा नाही. माझ्या डोक्यात फक्त तेवढंच होतं. मी म्हणालो, "नाही. काही बोलला नाही."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "तीस वरसं त्याला हिरडा घालतोय," तो बायांकडे वळून म्हणाला. "द्येवाचं सांगायचं त्यानं सोडलं आसंल तर आता दुसरा शेट बगाय पायजे." बायांनी माना हलवल्या.

मी बैलांकडे पाहत राहिलो. आई उठली आणि पदर सावरून म्हणाली, "बाबा, चूक माजी हाये. मी उचलली लाकडं. माज्या पोराची न्हाई, शेटची न्हाई, आन बैलांची तर न्हाईच न्हाई."

मग त्यांची रीत सुरू झाली. राईतलं जे असेल ते राईत परत. मोळी आईने सोडली आणि एकेक लाकूड आत नेऊन ठेवलं. चुलीतली राख गार होईपर्यंत थांबली आणि ओंजळीने नेऊन टाकली. सात-आठ खेपा झाल्या. मी पुढे झालो तर म्हातारा म्हणाला, "जिनं उचललं तिनंच." देवाच्या लाकडावर भाजलेली भाकरीही देवाची झाली. ती शेंदराच्या दगडापाशी ठेवली. आम्ही कालपासून उपाशी होतो.

"आता बैलांचं द्येव सांगंल," म्हातारा म्हणाला, आणि त्याने कौल लावला. कौल म्हणजे देवाला विचारणं. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून दगडाच्या दोन अंगांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही तर बसून राहायचं. कौल होईपर्यंत परक्याच्या जनावराला वाडीचं पाणीही नाही. आई दगडापासून चार हातांवर बसली, मी तिच्या मागे. बाया बाहेर बसून हिरडे निवडायला लागल्या. त्यांची कामं काही थांबली नव्हती.

आमच्या गावच्या देवळात उन्हाच्या झळेने पाकळी घटकेत सुटते. तिथे ओलावा होता, गारवा होता. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्या. पहिला तास मी पाकळ्यांकडे पाहिलं. दुसरा तास म्हाताऱ्याकडे. तो डोळे मिटून बसला होता, झोपला की जागा कळत नव्हतं. आई हलली नाही. तिने हात जोडले नव्हते, ओठही हलत नव्हते. नुसती ताठ बसली होती. मला वाटलं, तांबड्यासाठी हिने देवाजवळ जीव टांगून ठेवलाय. तिची पाठ पाहून मला राग येत होता. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं. देवाचा म्हणू तर मी देव मानतो की नाही हेच माझं ठरलेलं नव्हतं.

तिसऱ्या तासाला तांबडा हंबरायला लागला. ऊन आता जांभळीखाली आलं होतं. मी उठून पाहिलं, तर तो झाडाची साल चाटत होता. जीभ कोरडी, बाहेर आलेली. घळीतलं पाणी त्याला ऐकू येत होतं. पंचवीस पावलांवर पाणी, आणि ते त्याला मिळत नव्हतं, ते माझ्या एका 'नाही'मुळे.

मी परत आत गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "शेटने सांगितलं होतं. राईतली काटकीसुद्धा उचलू नका असं बजावून सांगितलं होतं. मीच आईला सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हाही मी घे म्हणालो. तिची चूक नाही."

हे मी पश्चात्तापाने बोललो की तांबड्याची जीभ पाहून, ते मला आजही ठाम सांगता येत नाही. दोन्ही असेल. बोलून झाल्यावर आता पाकळी पडेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर उजवी पडेल अशी माझी खात्री होती. एकही पडली नाही.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. तो माझ्याकडे वळला. मग उठला आणि दोन्ही पाकळ्या त्याने हाताने काढून घेतल्या.

"आता द्येवाला काय इचारायचं ऱ्हायलं?" तो म्हणाला. "बैलांना पानी दाखवा."

बाहेर येऊन त्याने निकाल दिला. बैल त्याच्या दावणीला राहतील. मीही राहीन. उन्हाळाभर राईच्या कडेचा पाला झाडून पट्टा साफ ठेवायचा, म्हणजे डोंगरात वणवा लागला तर तो आत शिरणार नाही. दरसाल हे काम वाडी आळीपाळीने करते. यंदा माझ्या वाट्याला. आणि परत जाताना जुन्नरला शेटच्या पायरीवर चढून आपण काय बोललो ते आपल्या तोंडाने सांगायचं. "आन ह्याच्या म्हातारीला आज आमच्या घरात जेवायला वाडा," असं त्याने बायांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटी परत निघाली. माझा जीव कालवला. साठीची बाई, चार दिवसांची वाट, आणि हे सगळं माझ्यापायी. मी म्हणालो, तू राहा, मी निमगावला जाऊन येतो. ती म्हणाली, "तुला ऱ्हायला सांगितलंय न्हवं? मंग ऱ्हा." तिने तांबड्याच्या कपाळावर हात ठेवला, पांढऱ्याच्याही ठेवला, आणि निघाली. वळणावर तिने मागे पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. बैलांची सोय झाली म्हणून असेल, असं मला वाटलं.

मी दोन महिने राहिलो. पहाटे झाडायला लागायचं ते ऊन चढेपर्यंत. पानगळ अशी की आज साफ केलेला पट्टा उद्या पुन्हा भरलेला. पहिले आठ दिवस मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या, त्यात शाळेचे मास्तरही सुटले नाहीत. नंतर शिव्या आपोआप संपल्या. शेकराचं घरटं कुठल्या झाडावर आहे ते कळलं, करवंदं कुठल्या जाळीत गोड असतात ते कळलं. बैल ओहोळाच्या कडेचं हिरवं आणि माळ्यावरचं वाळलं गवत खाऊन अंग धरू लागले. वैशाखात एकदा समोरच्या डोंगराला वणवा लागला. वाऱ्याने तो घळीपर्यंत आला. सगळी वाडी हिरव्या डहाळ्या घेऊन धावली आणि मीही धावलो. पट्ट्यापाशी येऊन आग खाली बसली आणि विझली. त्या दिवशी म्हातारा मला पहिल्यांदा "पावणं" न म्हणता "भाऊ" म्हणाला, आणि मला ते आवडलं.

मृगाच्या आधी पेरणीसाठी बैल घरी हवे होते. म्हाताऱ्याने जुन्नरपर्यंत दोन पाट्या हिरडा बैलांच्या पाठीवर लादून दिला. पेढीच्या पायरीवर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आई परतताना त्याच्या घरच्या बायकांत एक रात्र राहिली होती, पण तिने यातलं एक अक्षर काढलं नव्हतं, हे त्याच्याकडूनच कळलं. त्याने दाढी कुरवाळली. म्हणाला, "पुढच्या येळी कोनी काय सांगितलं तर आईला सांगत चला." मग माझ्या खांद्यावरून बैलांकडे पाहून म्हणाला, "हिरडा वाळलेला हाये न्हवं? वला असंल तर बाजूला टाका."

निमगावला पोचलो तेव्हा आई अंगणात शेण कालवत होती. ती हात न धुताच उठली. तांबड्याच्या पाठीवरून, फासळ्यांवरून, पोटाखालून तिने हात फिरवला. नंतर पांढऱ्याच्या. "भरलेत," ती म्हणाली. मी बैल बांधले आणि उंबऱ्यावर बसलो. शेवटी म्हणालो, "आये, त्या दिवशी तू पाकळ्यांपुढे तीन तास बसलीस. बैल घरी आले. तुझं मागणं देवाने ऐकलं म्हणायचं."

आई वैरण टाकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बैलांचं मी तवाच सोडलं व्हतं," ती म्हणाली. "तू न्हाई म्हनलास आन तुजं त्वांड बगितलं, तवाच मला कळलं की शेटनं तुला सांगितलं व्हतं. मी बैलांसाटी न्हवते बसले. माजा ल्योक आता बोलतोय का न्हाई, यवढंच बगत बसले व्हते."

मग तिने घागर उचलली आणि बैलांना पाणी आणायला विहिरीवर गेली.